झाकणावरचा ठिपका

हिंगोलीच्या रंगाच्या दुकानात मी आमच्या दारासाठी क्रीमच्याच छटा उलटसुलट करून बघत होतो. तेवढ्यात शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं. तिनं कमरेच्या पिशवीतून कुंकवाचा जुना करंडा काढला आणि उघडून काउंटरवर ठेवला.

"माझ्या दाराला अस्साच रंग पायजे."

"मावशी, लई भडक होईल," दुकानदार म्हणाला. "गाव नावं ठेवील."

"ठेवू द्या. मालक गेल्यापासून कपाळाला लावू देत न्हाईत. दाराला काहून अडवतील?"

भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज ती हे बोलली. मी हातातला क्रीमचा कागद हळूच खाली ठेवला.

दुकानदारानं रंग मिसळला. डब्यात कोणता रंग आहे ते कळावं म्हणून झाकणावर बोटानं एक फराटा ओढायची त्याची रीत. या वेळी मात्र त्यानं जपून, गोल ठिपका काढला.

म्हातारी त्या ठिपक्याकडं बघत राहिली. मग पदराची चुंबळ करून तिनं डबा डोक्यावर घेतला आणि डोंगरकडा गावाला जाणाऱ्या जीपकडं निघाली. भर उन्हात, भर बाजारातून, तिच्या डोक्यावर तो ओला लाल ठिपका ताठ चालला होता.