बुजवलेलं खिंडार

आमचे धाकटे दीर तीस वर्षं समोरच्या बेटावर वाळू धरून ठेवायचं काम करत होते. बेट कसलं, किनाऱ्याला समांतर पडलेली वाळूची लांबट पट्टी. भाऊजी तिच्यावर काठ्यांची कुंपणं रोवायचे. वारा तिथे वाळू आणून टाकायचा, मग ते त्यावर गवत लावायचे. होता होता पुरुषभर उंचीचा बांध झाला आणि समुद्राचं पलीकडे येणं बंद झालं. धाकटी जाऊ गेली, मुली आपापल्या संसाराला लागल्या. त्यानंतर भाऊजींचा जीव रमायचा तो बांधावरच. घरी दोन खोल्या, एक ताट आणि बंद पडलेला रेडिओ.

मग भाऊजींना कामावर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई पाठवल्या. बांधामागे झुडपं माजली होती, आणि उघड्या वाळूवर अंडी घालणारे पक्षी बेट सोडून गेले होते. बाई म्हणाल्या, मधलं कुंपण काढा, वादळात लाटा वरून जाऊ द्या. वाळू कशी पसरायची ते लाटांना कळतं.

"तीस वर्षं दार लावायला लावलंत," भाऊजी म्हणाले, "आता म्हणता पाहुण्याला आत घ्या."

"पाहुणा कसला काका, घरमालक आहे तो."

कुंपण निघालं. पहिल्याच वादळात लाटांनी बांध फोडला. आठवड्याने बाई बघायला आल्या, तर खिंडार गायब. भाऊजींनी दोन दिवस राबून, फांद्या दाबून, वाळू लोटून ते बुजवलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. भगदाड दिसलं नि हात चालले. डोक्याला विचारलंच नाही त्यांनी."

बाई हसल्या नाहीत. "पुन्हा असं झालं, तर तुम्हाला बेटावर ठेवता येणार नाही मला."

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चहा निवून गेला.

"वहिनी, बेट सुटलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे?"

"इकडे या की."

"इकडे येऊन काय, दादाचं पेपराशी भांडण ऐकू?"

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन एकटेच गेले. बुजवलेलं खिंडार चार दिवस उपसत होते. पुढच्या मोठ्या भरतीला पाणी आत शिरलं, झुडपं वाळूखाली गेली, सपाट मोकळी जागा झाली.

हिवाळा सरता सरता त्यांचा फोन आला. "तीन अंडी, वहिनी. खडे समजून पाय पडावा अशी."

"म्हणजे बेट सुटत नाही आता."

"नाही. पण पिल्लं उडेपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. दोरी मीच बांधली. मीही दोरीच्या अलीकडेच."

आता दिवसभर ते होड्या लागतात तिथे बसतात. कुणी उतरू लागलं, तर हात जोडून परत पाठवतात. दिवसभरातलं बोलणं काय ते तेवढंच.

रविवारी जेवायला या, म्हटलं मी.

"रविवारीच जास्त लोक येतात, वहिनी," ते म्हणाले. "परत पाठवायला कुणीतरी हवं ना."