तळ्यातली गुलाबी रेघ

बहात्तरच्या दुष्काळात कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावतळ्यात गुडघाभर पाणी उरलं, तेव्हा मी नववीत होते. पावसाने दगा दिला आणि पेरणीसाठी आणलेली संकरित ज्वारीची पोती घरात तशीच राहिली. दाणे गुलाबी होते. बुरशी लागू नये म्हणून त्यांना पाऱ्याचं औषध चोळलेलं, पोत्यावर कवटीचं चित्र. वडील चावडीवर बसून सगळ्यांना सुनवायचे, "बी राखतो तोच खरा कास्तकार. आज खाऊन टाकलं तर पाऊस आल्यावर काय पेरणार तुम्ही?"

आणि घरात आम्ही तेच बी खात होतो.

दुपारी गाव पेंगत असताना आई मला घेऊन तळ्यावर जायची. आमचा धुण्याचा दगड ठरलेला. तिथे ती ज्वारी धुवायची, पाणी गुलाबी व्हायचं, ते तळ्यातच फेकून पुन्हा धुवायची. दाणे पांढरे निघाले की म्हणायची, "गेलं बघ औषध." वडील जेवताना दाराकडे पाठ करून बसू लागले. मला त्या भाकरीपेक्षा त्यांच्या पाठीची जास्त लाज वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात तळं साफ आटलं आणि गाळ काढायचं दुष्काळी काम निघालं. मुकादम वडीलच. पहिल्याच दिवशी फावड्याखाली काळ्या गाळात एक गुलाबी रेघ दिसली. आमच्या दगडासमोर ती सगळ्यांत ठसठशीत होती. पण शेजारच्या दगडासमोरही होती, आणि त्याच्या पलीकडच्याही. सगळ्या गावाने एकमेकांची नजर चुकवून बी धुतलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तिथे तर सगळ्यांनाच खवखवत होतं. कुणी मान वर करीना. शेवटी वडील म्हणाले, "बघून काय राह्यले? टोपल्या भरा जल्दी." झाकली मूठ सव्वा लाखाची, पुन्हा त्याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही.

त्याच सुमारास आईच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सुईत दोरा ओवता येईना, हातातला तांब्या सुटू लागला. "म्हातारपण," ती म्हणायची. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

दशक संपता संपता मला समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. समुद्राच्या तळातून लांब नळीने काढलेला गाळ आम्ही थराथराने तपासायचो. कुठल्या काळी किती पारा समुद्रात उतरला ते त्यावरून कळे. हवामान कोरडं पडलं की तो वाऱ्यावरच्या धुळीबरोबर येई, पाऊसमान वाढलं की नद्यांच्या गाळाबरोबर. "माणूस विसरतो, गाळ विसरत नाही," आमचे साहेब हसून म्हणाले. मला मात्र आमचा दगड आठवला आणि मी उगीचच पदर सारखा केला. पाऱ्याबद्दल वाचता वाचता पुढचं कळलं: धुतल्याने रंग जातो, विष दाण्यातच राहतं, आणि ते हातापायांच्या बोटांपासून सुरुवात करतं. भाकरी आम्हीही खाल्ली होती, पण ते गुलाबी पाणी रोज आईच्याच हातांवरून गेलं होतं.

रजा काढून घरी आले. आईला जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं, वडीलही सोबत आले. "कधीपासून होतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुष्काळापासून," आई म्हणाली.

"तेव्हा काय खात होतात?"

"घरचीच जवारी."

"बियाण्याची," मी म्हणाले. "औषध लावलेली. धुऊन."

वडील खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाल्यासारखे दिसले. डॉक्टर बराच वेळ आईची बोटं दाबून बघत राहिले. आता फारसं काही परत येणार नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

परतीच्या एसटीत वडील आमच्या पुढच्या बाकावर बसले, पाठ आमच्याकडे. मी आईचा हात हातात घ्यायला गेले. तिने तो पदराखाली ओढून घेतला.

"बोटं तर कवाच गेल्ती," ती म्हणाली. "आता त्यांला मान खाली घालाय कशाला लावलंस?"