पहिल्या टेकडीवरून कशेळं

वायरलेसवर दिवसभर मोजकंच बोलायचं असतं. उरलेलं पोटात साठतं आणि रिटायर झाल्यावर भडाभडा बाहेर पडतं. माझंही तेच झालंय, तेव्हा ऐका.

ट्रंक कॉलच्या जमान्यातली गोष्ट. आमची कंपनी विजेच्या तारांची देखभाल करायची. खालापूरच्या ऑफिसातून बोललेलं डोंगराआडच्या दहिवली आणि कशेळ्यातल्या आमच्या डेपोंना ऐकू जात नसे. म्हणून मधल्या एखाद्या टेकडीवर रिपीटर बसवायचा होता, म्हणजे इकडचं बोलणं झेलून तिकडे पोचवणारं यंत्र. टेकडी शोधायला आम्ही तिघं: प्रधान साहेब, मी ऑपरेटर आणि जीपवाला गायकवाड.

गायकवाडची सासुरवाडी कशेळ्यात. तिकडे जीप गेली की दुपारभर वायरलेसवर गप्प! विचारलं की, "डोंगर आडवा येतो ना साहेब!" त्या डोंगराच्या नावावर जावईबापूंनी किती सुकट-भाकरी हाणली असेल, देव जाणे.

*

पहिल्या टेकडीवर साहेब आणि मी बांबूला एरियल बांधून उभे. गायकवाड जीप घेऊन कशेळ्यात.

"कशेळं, ऐकू येतंय का? ओव्हर."

"नाय साहेब! कायच आयकू येत नाय! ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"चला, पुढची टेकडी," साहेब म्हणाले.

*

दुसरी फारच उंच. तिथे कुठल्याशा धरणाच्या कामावरचं बोलणं आमच्या सेटवर घुसायचं. "सिमेंटचा ट्रक निघाला का?" सकाळपासून तेच! शेवटी साहेबांनी माईक उचलला.

"निघाला."

मग संध्याकाळपर्यंत शांतता. पण ती टेकडी आम्ही सोडून दिली.

*

तिसऱ्या टेकडीवर वाडीतल्या एका आजीने आमच्या बांबूला शेळी बांधली. शेळीने ओढ घेतली की बांबू कलायचा आणि दहिवली स्वच्छ ऐकू यायची. शेळी बसली की नुसती खरखर.

"आजी, शेळी जरा उभी ठेवता का?" साहेबांनी अदबीने विचारलं.

"शेळी माजी हाय. तुमची नोकर नाय!"

मग आम्ही बांबूच कलता रोवला. कशेळं मात्र तिथून खरोखरच ऐकू येईना.

"राहू दे कशेळं, दहिवली तर मिळाली," साहेब म्हणाले. "हीच टेकडी पक्की."

*

गायकवाडचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांपुढे उभा.

"साहेब, पहिल्या टेकडीवरनं कशेळं आयकू येतं."

"तेव्हा तर येत नव्हतं!"

"आता येतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. मागल्या खेपेला लेकरू वाचलं नाय, साहेब. इकडं जीव लागत नाय."

साहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"हवा बदलली की येतं कधीकधी ऐकू," ते म्हणाले. दहिवली तिथूनही येत होतीच, तेव्हा रिपीटर पहिल्या टेकडीवर बसला.

*

मग एका दुपारी मी सेटवर होतो, गायकवाड दारात विडी ओढत होता. अचानक कशेळ्याच्या डेपोतून त्याची सासू!

"जावई, आयकताय नव्हं? पोरगी झाली! दोगीबी बऱ्या हायत!"

मी माईक त्याच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"नाय आयकू आलं," तो म्हणाला. "परत सांगा."