पुढच्या सीटवरचा वरवंटा

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड एका वरवंट्याने फोडलेला आहे. बाहेरून नाही, आतून. त्या वेळी वरवंट्याच्या अंगात रेशमी झबलं होतं, डोक्यावर जरीची कुंची होती आणि गाडी मी चालवत होते. (विम्याच्या फॉर्मवर ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात मी बराच विचार करून ‘घरगुती’ असं लिहिलं.)

मी नांदेडला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना फिजिक्स शिकवते. ‘बस एकदम थांबली की प्रवासी पुढे का फेकले जातात?’ या प्रश्नाचं उत्तर मी झोपेतसुद्धा देऊ शकते. जागेपणी, हातात स्टिअरिंग असताना ते येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

झालं असं, की माझ्या धाकट्या नणंदेला, पल्लवीला, लातूरला तिच्या सासरी मुलगी झाली. बारसं तिकडेच, आणि बारसं उरकलं की बाळ-बाळंतीण महिनाभर आमच्याकडे नांदेडला येणार होती. सासूबाई म्हणाल्या, भाड्याची जीप सांगू. मला ते लागलं. दारात नवीकोरी गाडी, माझ्या हातात चार महिन्यांपूर्वीचं लायसन, आणि भाचीला आणायला जीप?

“मी आणते ना, आई! माझ्या गाडीतून.”

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बघू. आधी वरवंटा नेऊन दाखव. मंग लेकराचं बघू.”

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला बाळाचे कपडे चढवतात आणि बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून त्याला फिरवतात. पल्लवीच्या सासरी मिक्सरशिवाय काही नव्हतं. आमच्या घरचा वरवंटा मात्र सासूबाई बिलोलीहून, माहेरून घेऊन आलेल्या. माझे मिस्टर दत्ता आणि पल्लवी, दोघंही याच्याच मागोमाग पाळण्यात गेलेले. म्हणजे नात्याने हा वरवंटा माझा थोरला दीर! याचा टवकाही उडालेला नाही, हा सासूबाईंचा अभिमान, कारण टवका उडालेला दगड बारशाला चालत नाही.

आता खरं सांगते, मला त्या बाळाला माझ्याच गाडीतून आणायचं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, पण त्या घरात दुधाचं पातेलंसुद्धा माझ्या हातात कोणी निर्धास्तपणे देत नव्हतं. ‘थांब, मी घेते,’ हे वाक्य ऐकून ऐकून मी विटले होते.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी वरवंट्याला घरीच नटवलं. (“तिथं गडबड व्हते, एक कपडा वेळेवर सापडत न्हाई.”) मग तो ठेवायचा कुठे? डिकीत स्टेपनी आणि चपला, तिथे नको. पायापाशी तर नकोच, मानाचा आहे. शेवटी पुढच्या सीटवर उशी ठेवून त्याला बसवलं. मागे सासूबाई, आणि त्यांच्याशेजारी घुगऱ्यांचा भला मोठा डबा मांडीवर घेऊन आमचे हे.

“म्हणजे दगड पुढे आणि मी मागे?” हे म्हणाले.

“त्यो तुझ्या आधीचा हाय,” सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

मी गाडी सुरू केली आणि गाडी ओरडायला लागली. टिंग टिंग टिंग!

“काय म्हणून राहिली गं ती?”

“पट्टा बांधा म्हणते, आई. तिला वाटतंय पुढे माणूस बसलाय.”

“मंग बांध की! गाडीला कळून राहिलं, तुला कळंना व्हय?”

“अहो आई, चार किलोचा दगड आहे तो. जड वस्तू जागची हलत नसते. उगाच पट्ट्याने कुंची चुरगळायची.”

(हे वाक्य माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने पेपरात लिहिलं असतं, तर मी त्याच्या पालकांना बोलावून घेतलं असतं.) मी पट्टा ओढला, वरवंट्याच्या पाठीमागून नेला आणि खटकन अडकवला. टिंग टिंग बंद! यंत्राला फसवल्याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मागे सासूबाईंनी मात्र स्वतःचा पट्टा मुकाट्याने बांधून घेतला. त्यांना फिजिक्स येत नाही.

लोह्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे मी एक उजवं वळण जरा जोरात घेतलं आणि वरवंटा डाव्या दाराला जाऊन टक्कन धडकला.

“पडलं! पडलं लेकरू!”

“पडलं नाही, आई. गाडी वळली, पण त्याला सरळ जायचं होतं. याला जडत्व म्हणतात.”

“त्याला सरळ जायचंय, मंग तू कशाला वळून राहिली?”

मागून हे खुदकन हसले. “तुम्ही घुगऱ्या सांभाळा,” मी आरशातूनच सुनावलं. मग गाडी बाजूला घेतली, वरवंट्याला पुन्हा उशीवर बसवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाळंतिणीसाठी घेतलेले लोड लावले. डावीकडे लोड, उजवीकडे लोड. आता हलून दाखव म्हणावं! पुढची बाजू मोकळी आहे, हे तीन मोठ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सासूबाईंच्या आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, “पट्टा?” आणि मी म्हणाले, “आई, माझ्यावर विश्वास आहे ना?” त्यांनी स्वतःचा पट्टा आणखी घट्ट ओढला.

अहमदपूरच्या अलीकडे एका फाट्यावर रस्त्यात शेळ्या आल्या. एक नाही, दोन नाही, अख्खा कळप! मी जीव खाऊन ब्रेक दाबला.

आता फिजिक्स. वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहते, हा नियमाचा अर्धा भाग मी सकाळपासून घोकत होते. चालती असेल तर चालतीच राहते, हा उरलेला अर्धा. वरवंटा सीटवर शांत बसलाय एवढंच मी पाहिलं. तो ताशी साठच्या वेगाने लातूरला निघालाय, हे विसरले. गाडी थांबली. वरवंटा थांबला नाही. त्यात रेशमी झबलं, त्याखाली गुळगुळीत उशी! तो सुळकन निघाला आणि धाडकन समोरच्या कप्प्यावर आदळला. कप्प्याचं झाकण फुटलं, गाडीची सगळी कागदपत्रं बाहेर आली, आणि दीर खाली पायांच्या जागेत जाऊन पडले. त्याच क्षणी मागच्या डब्याचं झाकण उडालं आणि शेर-दीड शेर घुगऱ्या माझ्या डोक्यावरून, कानाजवळून, काचेवर तडतडल्या. शेळ्यांना काहीच झालं नाही.

पण शेळ्यांमागच्या बाईने काचेतून कुंची पाहिली होती. ती पाहता पाहता दिसेनाशी झालेलीही पाहिली होती.

“अगं बया! लेकरू आपटलं! धावा रे!”

फाट्यावरची सगळी माणसं धावली. तिने डावीकडचं दार उघडलं मात्र, दाराला टेकलेला वरवंटा थेट बाहेर घरंगळला. तिने तो वरच्यावर झेलला आणि झेलताच मटकन खाली बसली.

“लई जड हाय गं लेकरू! काय खाऊ घालती?” तिने कुंची वर केली आणि आत डोकावली. “बाई... ह्यो तर दगूड हाय.”

“दगूड म्हनू नका!” सासूबाई पट्टा सोडून खाली उतरल्या. “बारशाचा गोविंद हाय त्यो.” त्यांनी वरवंटा मांडीवर घेतला, झबलं काढलं आणि अंगावरून बोटं फिरवायला लागल्या. एक कड, दुसरी कड, दोन्ही टोकं. टवका उडाला असता तर मी नांदेडला कुठल्या तोंडाने गेले असते? शेवटी त्या म्हणाल्या, “साबूत हाय.” मला तिथेच रडू फुटलं.

गर्दीतले एक आजोबा डोळे वटारून बोलले, “गाडीत असं मोकळं ठेवतेत व्हय? शिकलेल्या दिसता! काय करता?”

मी केसांतले हरभरे झटकायला लागले. आमच्या ह्यांनी मात्र अगत्याने माहिती पुरवली, “फिजिक्स शिकवते.”

पुढे लातूरपर्यंत वरवंटा सासूबाईंच्या मांडीवर होता. चाकूरला चहाला थांबलो तेव्हा हे बाजूला जाऊन फोनवर कुजबुजले. कोणाशी, हे मी विचारलं नाही.

बारसं थाटात झालं. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करताना माझ्या हातात वरवंटा आला, तेव्हा पाळण्याखालून पाच बायका एकदम ओरडल्या, “घट्ट धरा!” पल्लवी माझ्या अंबाड्यातले हरभरे वेचत म्हणाली, “वहिनी, बस एकदम थांबली की प्रवासी पुढे का जातात हो?” मी हसले, पण मग पाळण्यातल्या त्या इवल्याशा मुठी दिसल्या. उशीवर ती असती तर, हा विचार काही केल्या जाईना.

निघायच्या वेळी दारात जीप उभी होती. चाकूरचा फोन तो! पल्लवी जीपमध्ये बसली, हेही बसले. मी एकटीच माझ्या गाडीकडे वळले. सासूबाई मात्र एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात वरवंटा घेऊन माझ्या गाडीपाशी आल्या.

“हे तू ने,” त्या म्हणाल्या. “हे काही फुटत न्हाई.”

बाळ क्षणभर शेजारच्या जीपमधल्या ह्यांच्याकडे देऊन त्यांनी वरवंट्याला पुढच्या सीटवर स्वतः बसवलं. पट्टा समोरून बांधला. वरून माझी ओढणी गुंडाळून दोन गाठी मारल्या. हलवून पाहिलं. माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि बाळाला पुन्हा कुशीत घेतलं. मी डोळे पुसून गाडी सुरू केली.

टिंग टिंग टिंग!

“आता कोण मोकळं हाय गं?” सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

मी वरवंट्याकडे पाहिलं. घट्ट. मग स्वतःकडे पाहिलं. अख्ख्या गाडीत बांधायची राहिलेली वस्तू एकच होती, आणि ती फिजिक्स शिकवत होती.