जास्तीचं भोक

खात्यात त्याला सगळे तराजू म्हणत. उजवा खांदा चार बोटं खाली, डावा वर. सरळ उभा राहिला तरी कुणीतरी एका पारड्यात धोंडा टाकल्यासारखा दिसायचा. शहराच्या बागा सांभाळणाऱ्या खात्यात तो माळी होता, आणि बावीस वर्षं फावडी, कुदळी, दाताळी, पहार असं सगळं त्याच खांद्यावरून या बागेतून त्या बागेत गेलं होतं. खांदा उतरला तेव्हा चौकशी कुणी केली नाही. नाव मात्र लगेच ठेवलं. नावं ठेवायला आपल्या माणसांना कधीच उशीर होत नाही.

मग खात्याने छोटा ट्रॅक्टर घेतला. गवत कापायला, माती ओढायला उत्तम; पण हत्यारं ठेवायची कुठे, हा प्रश्न घेणाऱ्याच्या डोक्यात आलाच नव्हता. माती उचलायच्या पुढच्या सुपात टाकली तर ती खड्ड्याखड्ड्याला उड्या मारायची. पहिल्याच आठवड्यात एक दाताळं चाकाखाली जाऊन मोडलं, आणि कोयता तराजूच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. साहेबांनी ताबडतोब हुकूम काढला: ट्रॅक्टरवर हत्यारं न्यायची नाहीत. झालं! ट्रॅक्टर दुसराच कुणीतरी रिकामा न्यायचा, आणि त्याच्या मागून तराजू ओझं खांद्यावर टाकून चालायचा.

उपाय त्याला स्वयंपाकघरात सापडला. बायको धुतलेली भांडी मांडणीत लावत होती. ताटं खाचांत उभी, कप आकड्यांना, पळ्या कडेला टांगलेल्या.

"अहो, असं टक लावून काय बघताय? भांडी कधी पाहिली नाहीत?"

"ही मांडणी गदागदा हलवली, तर काय काय पडेल गं?"

"हलवून बघा, मग सांगते काय पडतं ते!"

चार सुट्ट्या त्याने खात्याच्या वर्कशॉपमध्ये घालवल्या. मोडक्या बाकड्यांचे लोखंडी अँगल घेतले आणि सीटमागच्या कमानीला बसेल अशी मांडणी केली. पाती खाली पेटीत, दांडे वर खाचांत, खडखड होऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे पट्टे. बोल्टचं शेवटचं भोक पाडताना मात्र खांद्यात कळ आली, ड्रिल सरकलं आणि भोक अंगठाभर बाजूला पडलं. त्याने शेजारी दुसरं पाडून बोल्ट आवळला. पहिलं बुजवू कधीतरी, म्हणून तसंच ठेवलं. आपली कितीतरी कामं अशीच राहतात.

साहेबांचा हुकूम सगळेच विसरले, ट्रॅक्टर तराजूच चालवू लागला, आणि आठ महिन्यांत एक विळासुद्धा पडला नाही. मग एक दिवस साहेब आले, फोटो काढले, नकाशे काढणाऱ्या बाईंना टेप घेऊन पाठवलं. पुढे येणाऱ्या सगळ्या ट्रॅक्टरांसाठी महिन्याभरात मांडणीचा नकाशा तयार झाला, खाली सही साहेबांची. साहेबांचा सत्कारही झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत तराजू होता. उजवा हात फार वर जात नव्हता, एवढंच. मांडणी केली एकाने आणि मांडली दुसऱ्याने.

त्याने ते गिळलं, कारण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे ओझं उचललंस तर हात कायमचा जाईल. वर्कशॉपचे म्हातारे मिस्त्री निवृत्त होणार होते. बसून करायचं काम खात्यात ते एकच. त्याने अर्ज केला.

साहेब म्हणाले, "नकाशाप्रमाणे एक मांडणी करून दाखव. जमली, तर जागा तुझी."

त्याने नकाशा पसरला आणि पाहतच राहिला. त्याचं ते चुकलेलं भोक नकाशात होतं. मापासकट! शेजारी सुबक अक्षरांत लिहिलं होतं: पाणी निचरा.

मिस्त्री हसून हसून खोकले. मग गंभीर झाले. "हे बघ, डोळे मीट आणि पाड. साहेबाच्या नकाशाला नावं ठेवू नकोस."

"अहो, पण दोन भोकं इतकी जवळ. पट्टी तिथंच तडकणार. माझी टिकली, कारण ट्रॅक्टर मी जपून चालवतो. बाकीच्यांच्या पहारी मानेवर पडतील."

"तुला जागा हवी ना?"

जागा हवीच होती. त्याने ड्रिल हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. शेवटी भोक न पाडताच मांडणी नेऊन दाखवली.

"निचऱ्याचं भोक कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ते निचऱ्याचं नाही. माझ्या हातून चुकून पडलेलं आहे. जुन्या मांडणीत."

सोबतचे दोन अधिकारी साहेबांकडे बघू लागले. साहेबांचे कान लाल झाले.

"नकाशात चूक नसते," ते म्हणाले.

आठ दिवसांनी पत्र आलं. ते बायकोने मोठ्याने वाचलं. "हातकाम समाधानकारक. परंतु उमेदवारास नकाशा वाचता येत नाही." ती थांबली. "अहो, पण ते भोक तुमचंच, हे सांगायचं ना त्यांना!"

"सांगितलं ना. म्हणून तर पत्र आलं."

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. नवी मांडणी नकाशाप्रमाणे नाही म्हणून बाद, आणि जुनी नमुना म्हणून मुख्य कार्यालयात ठेवायची होती. नवीन येईपर्यंत हत्यारं पूर्वीप्रमाणे न्यावीत.

सकाळी ट्रॅक्टर रिकामाच फाटकातून बाहेर पडला. त्याच्या मागे तराजूने फावडी, कुदळी आणि पहार एकत्र बांधली आणि वाकून मोळी उचलली, ती डाव्या खांद्यावर.

"काय रे तराजू, आज बाजू बदलली?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आता दोन्ही पारडी सारखी होतील."