धुरपतामायच्या घरचं पाणी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-अडीच वर्षं वाचतोय. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायचो. सतरा वर्षं फौजेत काढली, आता उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या एका गोदामावर गार्ड आहे. अंधार, एकटेपणा, मेलेली माणसं... तिन्हींची सवय झालेली. अंगारा-उतारा घरात येऊ देत नाही. बायको म्हणते, "तुमच्याकडं बघून भूतच पळून जाईल." त्यामुळे जे घडलं ते भर उन्हात, दुपारी चार वाजता घडलं नसतं, तर डुलकी लागली असेल म्हणून मीच सोडून दिलं असतं.

पण त्याआधी दुसरं एक सांगावं लागेल. ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

गौतम आणि मी एकाच भरतीत लागलो. तो निलंगा तालुक्यातल्या एका खेड्याचा, मी उदगीरकडचा. ट्रेनिंगला जाताना रेल्वेत ओळख झाली. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली, माझं आडनाव विचारलं, आणि बाटली परत जराशी मागं घेतली.

"पितोस का पाटील? का बाटशील?"

त्याचं घर बौद्ध, आमचं जमीनवालं. आमच्या गोठ्यात तेव्हा खुंटीला एक कानतुटका कप अडकवलेला असायचा, त्यांच्या वस्तीतलं कुणी आलं तर चहा द्यायला. मी बाटली हिसकावली आणि अर्धी संपवली.

"बाटलास बरं का," तो म्हणाला. "आता घरचे घेत न्हाईत तुला. चल माझ्यासंगं."

फौजेत दोघा-दोघांची जोडी लावतात, 'बडी' म्हणतात. एकाचा जीव दुसऱ्याच्या हवाली. आमची जोडी लागली. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या बाटलीतलं पाणी प्यालो. तो आईला चिठ्ठीत हे लिहायचा, मला नंतर कळलं.

मग काश्मीर. मी बावीस वर्षांचा होतो. मे महिना. डोंगराच्या उतारावर सर्च चालू होता आणि वरच्या एका घरातून फायर आला. आम्ही दोघं एका दगडामागं पडलो. दगड एवढा लहान की पाय पोटाशी घ्यावे लागत होते. गौतमच्या पोटात लागली होती. त्याच्या कमरेची बाटलीही फुटली होती. माझ्याकडं अर्धी होती. खालच्या लोकांना वर येता येत नव्हतं. सकाळी अकरापासून चार वाजेपर्यंत आम्ही तिथं होतो.

"पाटील, घोटभर दे."

"पोटात लागलंय. पाणी द्यायचं नसतं, शिकवलंय आपल्याला."

"माहीत हाय मला. तरी दे."

नियम खरा आहे. पोटात गोळी लागलेल्याला पाणी पाजत नाहीत. मी नियम पाळला, असं मी रिपोर्टमध्ये सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली. डॉक्टर म्हणाले, बरोबर केलंस.

जे सांगितलं नाही ते हे — तीनच्या सुमाराला माझ्या घशाला काटे आले. पाठ फिरवायलासुद्धा जागा नव्हती. मी त्याच्या डोळ्यांसमोर बाटली तोंडाला लावली. एक घोट घ्यायचा होता. सगळी संपेपर्यंत काढलीच नाही. तो बघत राहिला होता. काही वेळानं म्हणाला, "निदान वठाला वल तरी लाव."

ओठ ओले करायला नियमाची मनाई नाही. कापड भिजवून ओठांवर फिरवा, असंच शिकवलेलं आहे. पण आता भिजवायला काही नव्हतं.

चारला तो गेला.

जातीचं काही होतं का त्यात, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. नव्हतं. मला तहान लागली होती, एवढंच. सख्खा भाऊ असता तरी मी प्यालो असतो. हे बरं की वाईट, मला कळत नाही.

त्याला घेऊन गावी मीच आलो. त्याची आई, धुरपतामाय, तेव्हा चाळिशीची असेल. तिनं दोनच प्रश्न विचारले. "तरास झाला का?" मी म्हणालो, "न्हाई माय, लगेच गेला." "पानी मागितलं का त्यानं?" मी म्हणालो, "न्हाई."

मग तिनं रीतीप्रमाणं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी उचलला आणि माझा घसा बंद झाला. घोट तोंडात गेलाच नाही. मी म्हणालो, "उपास आहे."

त्यानंतर दरवर्षी मेमध्ये, त्याच दिवशी, मी तिच्याकडं जातो. दरवर्षी तांब्या येतो, मी तो खुर्चीखाली ठेवतो आणि न पिता निघतो. कधी पोट बिघडलंय, कधी आत्ताच चहा झाला. पाच-सहा वर्षांनी ती एकदा म्हणाली, "तुमच्या लोकांत उपासाला पानी बी चालत न्हाई का रं?" हसून म्हणाली. पण शेजारणी काय बोलत असतील ते मला समजलं. पाटलाचं पोरगं येतं, रडतं, पण त्यांच्या घरचं पाणी पीत नाही. मी ते तसंच राहू दिलं. खरं सांगण्यापेक्षा तिनं मला जात पाळणारा समजावं, हे मला सोपं वाटलं. चोवीस वर्षं.

आता यंदाचं.

गावात टँकर चार दिवसांआड येत होता. माय आता सत्तरीकडं झुकलीय, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे अंधुक. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दार सताड उघडं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी वर्दीतला गौतम. मी खुर्चीवर बसलो. तिनं माठातलं पाणी घेतलं, चाचपडत आली आणि पितळी तांब्या दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला. काठोकाठ भरलेला, माझी बोटं भिजली.

"खाली ठेवू नको आज. हातात धर. टँकरचं पानी हाय, लई जपून ठिवलंय."

मी मांडीवर धरून बसलो. ती समोर जमिनीवर टेकली. मी फोटोकडं बघत होतो. हाताला काहीतरी वेगळं लागलं, म्हणून खाली पाहिलं.

पाणी बोटभर उतरलं होतं.

मी हललो नव्हतो. बघता बघता ते अजून उतरलं. थांबलं. परत उतरलं, परत थांबलं. तहानलेला माणूस मध्ये श्वास घेत घेत पितो, तसं. तांब्या माझ्या हातात हलका होत गेला... शेवटी तळ दिसला. मी बूड चाचपलं. पँट कोरडी. फरशी कोरडी. माझा घसा नेहमीसारखाच कोरडा.

मायनं हात पुढं केला, तांब्या घेतला आणि हलवून पाहिला.

"पिलास?"

मी फोटोकडं पाहिलं.

"पिलास लेका!" ती रडायलाच लागली. "त्यो चिठ्ठीत लिव्हायचा, माय, पाटील माझ्या बाटलीतलं पानी पितो. मी गल्लीभर वाचून घेतली व्हती ती चिठ्ठी. अन् तू आलास की तोंड बी लावंनास. मला वाटायचं, माझं लेकरू मला बरं वाटावं म्हून खोटं लिव्हत व्हतं."

हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं मी तिच्या पोराला खोटं पाडत आलो होतो.

गप्प बसलो असतो तर ती समाधानानं झोपली असती. पण तो रिकामा तांब्या तिच्या हातात होता, आणि मी प्यालो नव्हतो. परत एकदा त्याचं पाणी माझ्या नावावर लागत होतं.

मी सगळं सांगितलं. दगड, बाटली, तीन वाजता मी काय केलं ते. तिनं मध्ये टोकलं नाही. शेवटी विचारलं, "वठ बी वलं केलं न्हाईस?"

"पाणी उरलं नव्हतं माय. मी पिलो होतो सगळं."

बाहेर कुणाची तरी घागर आपटली. तिनं तांब्याच्या काठावरून अंगठा फिरवला. मग एका ठिकाणी थांबवला. तिथं ओठ टेकतात तेवढीच ओल होती.

"मंग आत्ता कोन पिलं?" तिनं विचारलं.

तांब्याला भोक नव्हतं, नंतर एकदा मी तो भरून पाहिला, तासभर ठेवला. थेंबही कमी झाला नाही. ऊन, थकवा, मनाचा खेळ... मीही सगळं लावून पाहिलंय. पण तांब्या रिकामा होता हे तिच्याही हातानं पाहिलं होतं.

तिनं मला माफ केलं का, विचारायची हिंमत झाली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "वरसाला नको येत जाऊ. म्हैन्याला येत जा."

मी जातो. आता ती मला पाणी विचारत नाही. माझ्या शेजारी दुसरी खुर्ची मांडते, तिच्यावर भरलेला तांब्या ठेवते. मग आम्ही टँकरचं, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं बोलतो. तांब्याकडं दोघंही बघत नाही. मी निघालो की ती तो उचलून आत नेते. जड होता का हलका, ती सांगत नाही.

निलंग्याच्या स्टँडवर येईपर्यंत माझ्या घशाला काटे आलेले असतात. तिथं मी पाणी घेत नाही. उदगीरची गाडी धरतो आणि घर येईस्तोवर तसाच बसून राहतो.