चाचांच्या बाकड्यावर

पोटभर जेवून, वर जीव वाचल्याचा आनंद घेऊन बाहेर पडावं, अशी जागा नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या चाचांची नवापूरची माशाची टपरी. चाचा माझ्या वडिलांचे तालमीतले दोस्त. मी तीस वर्षं मास्तरकी केली, शेवटची आठ हेडमास्तर म्हणून. माझ्या नुसत्या खाकरण्यानं व्हरांडा सामसूम व्हायचा. पण चाचांच्या बाकड्यावर बसलो की मीच परीक्षेला बसलेल्या पोरासारखा ताठ व्हायचो. बाकडं एकच, सहा माणसांचं, आणि त्याच्या समोर हातभर अंतरावर चुलीवरचा तवा. चाचा उलथनं घेऊन समोर उभे राहतात. तुमच्या आणि त्यांच्या मध्ये धुराशिवाय आडोसा नसतो. उकाई धरणाच्या फुगवट्यातून सकाळी मासा येतो, अकराला तवा तापतो आणि मासा संपला की टपरी बंद होते. मग बाहेर कुणीही उभं असो.

नियम कुठंही लिहिलेले नाहीत, ते चुकल्यावरच कळतात. अत्तर किंवा सेंट लावून आलेल्या माणसाला ते आधी समोरच्या हातपंपावर मान धुवायला पाठवतात. एका साहेबाची धडगावला बदली झाली होती, तो घाट उतरून खास मासा खायला आला, तर त्यालाही पाठवलं. साहेब निमूटपणे गेला, कॉलर भिजवून परत आला आणि जेवला. काटे ताटाच्या उजव्या कडेला ओळीनं लागले पाहिजेत, कुठल्या तुकड्यात किती काटे असतात हे चाचांना पाठ असतं आणि एखादा कमी भरला तर ते तुमच्या गळ्याकडे बघत राहतात. ‘मस्त झालाय’ असं म्हणायचं नाही, कारण मग काल वाईट होता का, हा प्रश्न येतो. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे तुकडा ताटात थंड होऊ देणं. मी एकदा शेजाऱ्याशी शिष्यवृत्तीच्या अर्जांबद्दल बोलत बसलो होतो. चाचांनी माझं ताट उचललं, तुकडा मांजरीला घातला आणि म्हणाले, “मास्तर, थंडा मासा खावाना व्हई ते घर जाय.” त्या दिवशी मी उपाशी शाळेत गेलो आणि सगळ्या वर्गांवर त्याचा राग काढला.

आणि लिंबू. लिंबाचं तर नावच काढायचं नाही. लिंबू ही शिळ्या माशाची दवा आहे असं चाचांचं ठाम मत, त्यामुळे त्यांच्यासमोर लिंबू मागणं म्हणजे त्यांनी शिळं वाढलं असं तोंडावर म्हणणं. अक्कलकुव्याच्या एका ठेकेदारानं मागितलं होतं. चाचांनी त्याला उठवलं ते उठवलंच, शिवाय तो बसला होता ती बाकड्याची जागा पाण्यानं धुतली. या सगळ्यातून सवलत मिळाली ती फक्त माझ्या मुलीला, रेवाला. लहानपणी ती बाकड्याच्या टोकाला बसून अखंड बडबडायची आणि चाचा तिच्या तुकड्यातले काटे स्वतः काढून द्यायचे. तवा सांभाळत, मान डोलवत ऐकायचे. आम्ही पाचजण खाली मान घालून भराभर जेवायचो.

त्याच रेवाचं लग्न ठरत होतं. मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, नाशिकचा, मोठा गुणी. पण त्याच्या घरात शेवटचा शब्द वडिलांचा, आणि वडील निवृत्त इंजिनिअर, नाकावर राग. आधीचं एक स्थळ त्यांनी चहा निवलेला आला म्हणून मोडलं होतं, असं मुलानंच रेवाला सांगितलेलं. ते बोलणी करायला यायचे होते. मी घरी जेवणाचा बेत सांगितला, तर ते फोनवर म्हणाले, “छे, तुमच्याकडच्या त्या टपरीचं फार ऐकलंय. तिथंच जेवू, मग बोलू.” हे ऐकून रेवा स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला झोप लागेना. एकीकडे ते आणि एकीकडे चाचा, आणि दोघांच्या मध्ये माझ्या पोरीचा संसार.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर सुरीला धार लावत होते. मी सगळं सांगितलं आणि अजिजीनं म्हटलं की उद्या एक दिवस पाहुण्यांना काही बोलू नका, सांभाळून घ्या. चाचांची सुरी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाले आणि पुन्हा धार लावू लागले. मला हायसं वाटलं. मी चहासुद्धा न घेता परत आलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गाडीतून उतरले आणि त्यांच्याआधी त्यांचा सेंट टपरीत शिरला. चाचांच्या नाकपुड्या फुगल्या. मी हातपंपाकडे बघितलं. पण चाचा म्हणाले, “बठा.” पाहुणे बसले. पहिला तुकडा ताटात पडला आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. ते कुणाला तरी कालव्याच्या गेटबद्दल सांगत राहिले आणि तुकड्याची वाफ हळूहळू विरत गेली. बाकड्यावर आमचे पोस्टमन होते, रोजचे. त्यांनी घास तोंडात धरून ठेवला, चावेनात. चाचांचं उलथनं तव्यावर जरा जोरात आपटलं, इतकंच. फोन संपला. पाहुण्यांनी काटे डाव्या बाजूला ढीग करून टाकले, दोन बोटं चाटली आणि म्हणाले, “छान आहे हो. फक्त लिंबू हवं होतं.”

पोस्टमन उठून उभेच राहिले. मला वाटलं, संपलं. रेवाला घरी जाऊन काय सांगायचं याची मी शब्दांसकट जुळवाजुळव करू लागलो. चाचांनी उलथनं खाली ठेवलं. कपाळ पुसलं. “बठा,” ते म्हणाले, “लई येस.” आणि चपला घालून ते रस्त्यापलीकडे भाजीवाल्या बाईकडे लिंबू आणायला चालू लागले. मधेच एक ट्रक आडवा आला, तेवढा वेळ ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. इकडे तव्यावर सहा तुकडे होते. ते करपायला लागले, धूर झाला, पण त्या तव्याला हात लावायची कुणाची छाती होईना. चाचांच्या तव्यावर मासा जळालेला आम्ही कुणी कधी पाहिलेला नव्हता. ते परत आले, लिंबू चिरलं, नवा तुकडा तळून पाहुण्यांच्या ताटात वाढला आणि फोड बाजूला ठेवली. पाहुण्यांनी ती पिळली आणि म्हणाले, “आता कशी चव आली.” चाचांनी मान हलवली आणि जळालेले तुकडे खरवडायला वळले.

गाडीत पाहुणे खुशीत होते. म्हणाले, किती साधा माणूस, लोक उगाच बदनाम करतात. बोलणी अर्ध्या तासात आटोपली. रेवानं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन चाचांकडे गेलो, उपकार झाले म्हणालो. त्यांनी पेढा घेतला, हातातच ठेवला. “तुन्ही पोर ती मन्ही बी पोर शे,” ते म्हणाले. “तू सांगाले कसाले उना? तुले मन्हावर भरोसा नही व्हता?” न सांगताही त्यांनी हेच केलं असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं. लग्नात ते आले, रेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता परतले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी अजून दर बुधवारी जातो. तहसील कचेरीच्या माणसांशी ते ज्या पुस्तकी मराठीत बोलतात, त्या मराठीत मला “या गुरुजी, बसा” म्हणतात. मासा तसाच असतो. परवा मी मुद्दाम तुकडा ताटात तसाच ठेवला. वाफ गेली, कडेचं तेल गोठलं, तरी हात लावला नाही, वाट पाहत बसलो. चाचा आले, ताट उचललं, गरम तुकडा घालून परत ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “हा घ्या. तो थंड झाला असेल.” मग शेजारी गप्पा मारत बसलेल्या नव्या माणसाकडे वळून ते कडाडले, “काय चावळी ऱ्हायना रे? तोंड एकच शे!” तो बिचारा खाली मान घालून भराभर घास गिळू लागला, आणि मला त्याचा फार हेवा वाटला.